गुरुवारचे शंभर

ज्ञानेश्वर साळोखेने ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं फुटबॉल शिकवला. पोरं त्याला कोच म्हणत, स्टाफरूममध्ये तो डॅन होता, आणि आई होती तोवर घरी ज्ञाना. सहा फूट एक इंच उंची, रुंद खांदे, आवाज मात्र बेताचा. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणारे कोच त्याला आवडत नसत. कुणाचं चुकलं की तो जवळ जायचा, दंडाला धरून त्याला दोन पावलं सरकवायचा आणि म्हणायचा, "इथे उभा राहा. आता बघ, काय दिसतं." एवढंच.

तो मूळचा कोल्हापूरचा. वडील लवकर गेले. आई, मधुमती, मिरजेला नर्सिंग शिकलेली. १९७५ साली तिला ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि दहा वर्षांच्या पोराला घेऊन ती नोव्हेंबरात इथे उतरली. दुपारी चारलाच अंधार व्हायचा. शाळेत ज्ञानेश्वरचं इंग्रजी कुणाला कळत नव्हतं आणि त्यांचं ग्लासगोचं इंग्रजी त्याला. शिवाजी पेठेच्या गल्लीत तो अनवाणी खेळायचा, पायांनी चलाख होता. पण इथल्या चिखलात ती चलाखी चालेना. मग एका दुपारी शाळेच्या मैदानावर कॉर्नर आला. चामड्याचा चेंडू भिजून दगडासारखा झालेला. बाकीची पोरं अंग चोरून बाजूला झाली आणि हा उडाला. गोल झाला. कपाळावर चेंडूच्या शिवणीचा ठसा उमटला होता. त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं आणि दोन-तीनदा म्हणून बघितलं.

घरी मधुमतीने ते कपाळ बघितलं. "डोस्कं काय मारायची वस्तू हाय व्हय, ज्ञाना?"

"गोल झाला, आई."

तिने गार पाण्याची घडी कपाळावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पोरगा न रडता शाळेत गेला, हे तिने बघितलं.

पुढे तो ज्युनिअर क्लबात खेळला. स्कॉटलंडमध्ये ज्याला ज्युनिअर फुटबॉल म्हणतात तो पोरांचा नसतो, दाढीमिशांच्या माणसांचा असतो. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी एकमेकांचे गुडघे फोडायचे. ज्ञानेश्वर कौन्सिलच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये कामाला होता आणि शनिवारी सेंटर हाफ, बचावाच्या मधोमध. बारा वर्षं खेळला. समोरच्या टीमने उंच मारलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा, हेच त्याचं काम. सांगलीच्या रेखाशी लग्न झालं. ती फार्मासिस्ट, इथल्या परीक्षा देऊन कॅथकार्टच्या एका केमिस्टकडे लागली. मुलगी झाली, ईरा. गुडघा गेला तेव्हा त्याने कोचिंगचं लायसन्स काढलं आणि १९९८ मध्ये कॉलेजात रुजू झाला.

कॉलेजचा कोर्स दोन वर्षांचा होता. सकाळी मैदान, दुपारी वर्ग. येणारी बरीचशी पोरं मोठ्या क्लबांनी सोळाव्या वर्षी सोडून दिलेली असायची. आठव्या वर्षापासून क्लबचा ट्रॅकसूट घालून फिरलेली, आणि मग एके दिवशी आईबापांसमोर "पुढे नको" असं ऐकलेली. ती आली की मान खाली घालून यायची. ज्ञानेश्वरला त्यांना परत काहीतरी द्यायचं होतं. त्याच्यापाशी जे होतं ते त्याने दिलं.

हॉलच्या तुळईला त्याने दोर बांधून एक चेंडू टांगला. दर गुरुवारी प्रत्येक डिफेंडरने त्या चेंडूवर उडी मारून डोक्याने पन्नास हेडर मारायचे, मग बाहेर येऊन बाजूने येणाऱ्या उंच क्रॉसवर आणखी पन्नास. पोरं त्याला 'गुरुवारचे शंभर' म्हणायची. कुणाला चक्कर आली तर बसायचं, पाणी प्यायचं, उरलेले पूर्ण करायचे. ज्ञानेश्वर स्वतःही त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस मारायचा, पन्नाशी ओलांडल्यावरसुद्धा. स्कॉटलंडमधल्या कॉलेजांत त्याच्या टीमचा बचाव नावाजला गेला तो यामुळे.

या सगळ्यांत फ्रेझर नावाचा एक मुलगा होता. २००१ मध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा, काटकुळा, कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवणारा. वाचायला अडखळायचा, म्हणून वर्गात तोंड उघडत नसे. पण हवेतला चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं. ज्ञानेश्वरने त्याला एकदा सांगितलं, "हे मी तुला शिकवलेलं नाही. हे तुझं आहे." फ्रेझर दर गुरुवारी दोनशे मारायला लागला. हॉल बंद करायची वेळ झाली तरी दोराचा करकर आवाज चालू असायचा. २००३ मध्ये कॉलेजांच्या कपची फायनल त्याच्या हेडरवर जिंकली. पुढे दहा वर्षं तो छोट्या क्लबांत खेळला, छपरं दुरुस्त करायचं काम शिकला, आणि दर ख्रिसमसला कार्ड पाठवायचा. त्यावर फक्त नाव लिहिलेलं असे.

काही वर्षांपूर्वी फुटबॉलपटूंच्या मेंदूच्या आजारांवर संशोधन झाल्याच्या बातम्या यायला लागल्या. ज्ञानेश्वरने त्या वाचल्या आणि पान उलटलं. ते जुन्या जड चेंडूंचं असणार, असं त्याने आयलीला सांगितलं. आयली त्याची असिस्टंट. ती त्याच्याच हाताखाली शिकलेली, कॉलेजच्या मुलींच्या टीमची पहिली सेंटर हाफ. कोविडमध्ये सगळंच थांबलं. मग ट्रेनिंगमध्ये हेडर कमी करायच्या सूचना आल्या आणि गुरुवारचे शंभर बंद झाले. ज्ञानेश्वरने ते ऐकलं, पण दोर काढला नाही. तो तसाच लटकत राहिला.

२०२२ च्या सप्टेंबरात, मॅचच्या आधी टीम वाचून दाखवताना त्याला कॅप्टनचं नाव आठवेना. मुलगा समोर उभा होता. वर्षभर रोज भेटणारा मुलगा. ज्ञानेश्वरने कागद आयलीच्या हातात दिला आणि चष्मा विसरल्याचं सांगितलं. चष्मा त्याच्या खिशात होता. नंतर किट रूमच्या चाव्या फ्रीजमध्ये सापडल्या. नंतर एकदा कॉलेजहून घरी येताना, ज्या रस्त्याने हजारो वेळा आला त्या रस्त्यावर, कुठे वळायचं ते कळेना म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली आणि रेखाला फोन केला. ती दुकान असिस्टंटवर सोडून टॅक्सीने आली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ बसला होता.

"अहो," ती म्हणाली, "सरका तिकडे. मी चालवते."

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही.

आधी जीपी, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, मग स्कॅन, मग स्पेशालिस्ट, असे सात महिने गेले. स्पेशालिस्ट तरुण बाई होत्या. अल्झायमर आहे, वयाच्या मानाने लवकर आलाय, असं त्यांनी सांगितलं. नीट, घाई न करता. मग विचारलं, "तुम्ही फुटबॉल खेळायचात का? कुठल्या जागेवर?"

"सेंटर हाफ."

त्यांनी ते लिहून घेतलं.

"त्याने झालं का?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"तसं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूला मार लागून होणाऱ्या एका आजाराची खात्री माणूस गेल्यानंतरच करता येते. खेळाने झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं असंही म्हणणार नाही."

ते घरी आले. स्वयंपाकघरात बसल्यावर त्याने रेखाकडे कागद मागितला. "वर्षाला गुरुवार किती धरायचे? तीस?"

"कशाचे?"

"शंभर गुणिले तीस. दोन वर्षं. एका पोराचे सहा हजार झाले, रेखा. गुरुवारचेच. बाकीचे दिवस वेगळे." तो पेन घेऊन थांबला. "आणि फ्रेझरचे बारा हजार."

रेखाने कागद ओढून घेतला. "तुम्हाला माहीत होतं का तेव्हा? कुणाला माहीत होतं? सगळी दुनिया मारत होती."

"हॉलमध्ये दोर मी बांधला. दुनियेने नाही."

 त्याने पुढे सांगितलं ते तिला मुळीच पटलं नाही. त्याला त्या सगळ्या पोरांना फोन करायचा होता.

"आणि काय सांगणार? घाबरा म्हणून? त्यांची लग्नं झालीत, मुलं आहेत. उद्या कुणाचं डोकं दुखलं तरी जीव टांगणीला लागेल. डॉक्टरच म्हणतायत ना, नक्की माहीत नाही?"

"मग तेवढंच सांगतो. नक्की माहीत नाही, असं." तो म्हणाला, "मला आज जे कळलं ते त्यांना वीस वर्षांनी, असं एखाद्या खोलीत बसून कळायला नको. आणि मला ते सांगता येईल असे दिवस किती आहेत?"

रेखा उठली आणि भांडी विसळायला लागली. चार दिवस ती त्या विषयावर बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने मिल्टन कीन्सला राहणाऱ्या ईराला फोन करून बोलावून घेतलं.

सगळ्यांत आधी त्याने आयलीला सांगितलं, किट रूममध्ये, दोघंच असताना. आयली एकतीस वर्षांची होती. तिच्याही नावावर सहा हजार होते. ती सरावाच्या जाकिटांच्या पिशवीवर बसली आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिली. मग म्हणाली, "शिडी कुठे आहे, कोच?" दोघांनी मिळून हॉलमधला दोर उतरवला. गाठ इतकी आवळली होती की कापावी लागली.

कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर द्यायला नकार दिला. खासगी माहिती, कायदा आडवा येत होता. कॉलेजच्या नावाने काही बोलू नका, असंही पत्र आलं. मग ईराने टीमचे जुने फोटो जेवणाच्या टेबलावर पसरले.

"बाबा, हा फोटो कुठल्या वर्षाचा आहे?"

ज्ञानेश्वर वर्ष सांगायचा, ते बहुतेक बरोबर असायचं. चेहरेही ओळखीचे वाटायचे. नावं आयली फोटोंच्या पाठीमागून वाचून सांगायची आणि ईरा फेसबुकवर शोधायची. तीन शनिवार-रविवार ते चाललं. बचावात खेळलेल्यांची एकशे चौदा नावं निघाली. दोघं वारले होते, एक अपघातात आणि एक दारूने. एकवीस जण सापडलेच नाहीत.

फोनवर बोलताना धागा सुटायचा, म्हणून त्याने पाच वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवली. मी तुला हजारो हेडर मारायला लावले. मला आता स्मृतिभ्रंशाचा आजार झाला आहे. तो त्याने झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. नाही झाला असंही म्हणत नाहीत. हे तुला माझ्याकडून कळावं असं मला वाटलं.

रोज सकाळी, डोकं ताजं असताना, तो तीन-चार फोन करायचा. रेखा दुकानात उशिरा जायला लागली. ती शेजारी बसून नावापुढे खूण करायची. काहींना वाईट वाटलं ते त्याच्यासाठीच. "काळजी घ्या कोच" म्हणून त्यांनी फोन ठेवला. एकजण हसला, त्याला ती चेष्टा वाटली, आणि मग हसणं थांबवायचं कसं हे त्याला कळेना. एकाने शिवी दिली. एकाच्या बायकोने फोन मधेच हातात घेतला आणि कोणती लक्षणं बघायची ते विचारलं. त्यावर रेखाने फोन घेऊन तिला पंधरा मिनिटं सगळं समजावलं. त्यानंतर या फोनना तिने हरकत घेतली नाही.

फ्रेझरला मात्र त्याने फोन केला नाही. रेखाने ज्ञानेश्वरला पेझलीला, फ्रेझरच्या घरी नेलं आणि ती गाडीत बसून राहिली.

फ्रेझर एकोणचाळीस वर्षांचा झाला होता. केस विरळ, हात डांबराने काळे. दार उघडल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याने कोचला आत नेलं, चहा केला, बिस्किटांचा डबा उघडला. भिंतीवर २००३ च्या फायनलचा फोटो होता: हवेत उंच गेलेला फ्रेझर, डोळे मिटलेले, चेंडू कपाळाला चिकटलेला.

ज्ञानेश्वरने खिशातून कागद काढला. मग तो न बघताच बोलला. पाचही वाक्यं आठवली, फक्त 'हजारो'च्या जागी तो 'बारा हजार' म्हणाला.

फ्रेझर कपाकडे बघत राहिला. "बारा हजार?" तो म्हणाला.

"तेवढे तरी."

"मी स्वतःहून मारले ते. तुम्ही शंभरच सांगितले होते."

"मी थांबवलं नाही."

"का थांबवाल? चांगले बसत होते." त्याचा आवाज चढला. "मला आयुष्यात कुणी कशाला चांगलं म्हटलं नाही, कोच. शाळेत नाही, घरी नाही. तुम्ही म्हणालात, हे तुझं आहे. वीस वर्षं मी तेवढ्यावर चाललोय. आणि आज तुम्ही येऊन सांगताय, की तेच..." तो उठला, खिडकीशी गेला. "काय करू मी आता? उपाय आहे का काही?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

 ज्ञानेश्वरने लिहून आणलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. तो उभा राहिला. त्याला वाटलं, दंडाला धरून याला दोन पावलं सरकवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कुठे सरकवायचं ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. "मी चुकलो," तो म्हणाला. "ते सांगायला आलो."

फ्रेझर दारापर्यंत सोडायला आला. दार धरून त्याने, खाली बघत, विचारलं, "तुमचं पहिल्यांदा काय झालं होतं? सुरुवातीला?"

"नावं आठवेनात."

"राग? राग यायचा का उगीच?"

ज्ञानेश्वरने त्याच्याकडे बघितलं. "माझं तसं नाही झालं. पण डॉक्टरांना दाखव, फ्रेझर. येत असेल तर दाखव."

दार बंद झालं. गाडीत बसल्यावर त्याने रेखाला सगळं सांगितलं, आणि घरी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

त्या जूनमध्ये तो रिटायर झाला. निरोपाला केक होता, कार्ड होतं, प्राचार्य चार शब्द बोलले. शंभराबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी फ्रेझरचं ख्रिसमस कार्ड आलं नाही. मार्चमध्ये रेखाच्या फोनवर त्याचा मेसेज आला: जीपीकडे गेलो होतो. क्लिनिकच्या यादीत नाव घातलंय. नंबर लागायला वेळ आहे. कोचना सांगा.

रेखाने तो वाचून दाखवला. ज्ञानेश्वर ऐकत होता.

"कोण फ्रेझर?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. काटकुळा मुलगा, वाचायला अडखळणारा, फायनलचा गोल, पेझलीची ती दुपार. तो लक्ष देऊन ऐकत होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसा. शेवटी म्हणाला, "गेला ते बरं केलं. त्याला कुणीतरी सोबत जायला पाहिजे. एकट्याने त्या खोलीत बसू नये."

रेखाने तसं फ्रेझरला कळवलं. पुढे त्याच्या पहिल्या तपासणीला आयली त्याच्याबरोबर गेली.

आता टीम आयलीकडे आहे. तिच्या ट्रेनिंगमध्ये हेडर जवळजवळ नसतात. ती पोरांना चेंडू जमिनीवर ठेवायला शिकवते, समोरच्याला क्रॉस मारूच द्यायचा नाही असं शिकवते. ते जमायला वेळ लागतो आणि टीम हरते. काही पालकांनी तक्रारी केल्या. एका पेपराने जुन्या बचावाची आठवण काढली. आयलीने ते कात्रण ज्ञानेश्वरला दाखवलं नाही.

बुधवारी दुपारी रेखा त्याला मॅचला घेऊन जाते. जाड कोट घालून तो बाजूच्या रेषेपाशी उभा असतो. पोरं त्याला हात करतात. त्यातल्या कुणाचंही नाव त्याला माहीत नाही, आणि आता ते लपवावं असं त्यालाही वाटत नाही. गेल्या फेब्रुवारीत कपची क्वार्टर फायनल होती. शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नर आला, समोरच्यांच्या एका उंच मुलाने डोकं लावलं आणि आयलीची टीम दोन-एकने बाहेर पडली.

पोरं चिखलात बसली होती. आयली त्यांच्याशी बोलून रेषेपाशी आली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"हरलो, कोच."

"बघितलं मी." तो गोलपोस्टकडे बघत होता. "जवळच्या खांबापाशी कुणीच नव्हतं. तो चार नंबरचा मुलगा, त्याला दोन पावलं आत घे. तिथून चेंडू पायाने निघाला असता."

आयलीने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मग ती परत मैदानात गेली, चार नंबरच्या मुलाला हात देऊन उठवलं आणि खांबापाशी घेऊन गेली. ज्ञानेश्वर बघत उभा होता. थंडी वाढली तसं रेखाने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि घरी चलायचं का विचारलं. तो म्हणाला, एवढं होऊ दे.